व्यसनाधीनतेची तरतमता : डॉ. ग्रिफिथ एडवर्ड्स यांच्या संशोधनाचा चिकित्सकांसाठी बोध

मद्यपी रुग्ण आपल्या चिकित्सालयात बहुधा मद्यपी म्हणून येत नाही. अम्लपित्त, अरुची, निद्रानाश, हस्तकंप अशी तक्रार घेऊन तो येतो आणि खरे कारण पत्नी मागाहून हळूच सांगते. ‘हा व्यसनी आहे की नाही?’ एवढाच प्रश्न मग आपल्यापुढे राहतो. हा प्रश्न अपुरा आहे, हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ डॉ. ग्रिफिथ एडवर्ड्स (१९२८–२०१२) यांनी संशोधनातून दाखवून दिले.

कार्यपरिचय

डॉ. एडवर्ड्स यांचा जन्म भारतात झाला. ऑक्सफर्ड व लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात मनोविकारशास्त्राकडे वळले. तेथील रस्त्यांवर राहणाऱ्या बेघर मद्यपींचा अभ्यास हे त्यांचे आरंभीचे एक महत्त्वाचे काम होय. १९६७ मध्ये लंडनच्या मनोविकारशास्त्र संस्थेत व्यसन संशोधन विभाग सुरू झाला, त्याचे नेतृत्व त्यांनी केले. १९७८ पासून २००४ पर्यंत व्यसनविषयक एका अग्रगण्य शोधपत्रिकेचे ते प्रमुख संपादक होते.

अवलंबित्वाचा लक्षणसमुच्चय

१९७६ मध्ये मिल्टन ग्रॉस यांच्यासह त्यांनी मद्यावलंबित्वाची सात लक्षणे मांडली :

१. पिण्याची वेळ व पद्धत दररोज एकसारखी, ठरावीक होत जाणे.
२. कुटुंब, व्यवसाय व आरोग्य यांहून मद्याला प्राधान्य मिळणे.
३. पूर्वीइतका परिणाम साधण्यासाठी अधिक मात्रा लागणे.
४. मद्य न मिळाल्यास कंप, स्वेद, उत्क्लेश, अस्वस्थता उद्भवणे.
५. हा त्रास टाळण्यासाठी वा शमवण्यासाठी, प्रसंगी सकाळीच, मद्य घेणे.
६. पिण्यावर आपला ताबा उरला नाही, याची स्वतःला जाणीव होणे.
७. काही काळ सोडल्यानंतर पुन्हा प्यायल्यास पूर्वीची अवस्था त्वरेने परतणे.

ही सर्व लक्षणे प्रत्येक रुग्णात असतीलच असे नाही. त्यांची तीव्रताही कमी-अधिक असते. अवलंबित्व आणि मद्यामुळे झालेली हानी ही दोन स्वतंत्र अंगे आहेत, हे डॉ. एडवर्ड्स यांचे प्रतिपादन विशेष लक्षात घ्यावे. यकृत बिघडलेल्या व्यक्तीत अवलंबित्व अल्प असू शकते. उलट, तीव्र अवलंबित्व असलेल्याच्या तपासण्या निर्दोषही येऊ शकतात. केवळ यकृतावर औषध देऊन थांबणारा चिकित्सक म्हणूनच अर्धाच रोग पाहतो.

एका समुपदेशनाचे मोल

जिम ऑरफर्ड यांच्यासह त्यांनी केलेला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०० विवाहित मद्यपी पुरुषांचे दोन गट करण्यात आले. सर्वांची सविस्तर तपासणी झाली. त्यानंतर एका गटाला अनेक महिने सर्वांगीण उपचार मिळाले. दुसऱ्या गटातील पती-पत्नींना एकत्र बसवून एकदाच स्पष्ट सल्ला देण्यात आला आणि सुधारणेची जबाबदारी तुमची आहे, असे सांगण्यात आले. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय भेद आढळला नाही. उपचार व्यर्थ आहेत, असा याचा अर्थ नव्हे. सखोल विचारपूस, पत्नीचा सहभाग आणि निःसंदिग्ध सल्ला यांत स्वतःचे बळ असते, एवढे मात्र यातून निश्चित होते. हे बळ खेड्यातील वैद्याच्याही हाती आहे.

ग्रंथोक्त विचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील मदात्यय अध्यायात (अ. २४) ध्वंसक व विक्षय यांचे वर्णन आहे. मद्य सोडलेली व्यक्ती एकाएकी अतिमद्यपान करू लागल्यास हे विकार होतात. सातवे लक्षण वाचताना त्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि दोन्ही एकच मानू नयेत. चरकाचार्य तेथे व्याधी सांगतात, डॉ. एडवर्ड्स अवलंबित्वाचे पुनरागमन सांगतात. पुन्हा मद्याकडे वळणे घातक, हा इशारा मात्र समान आहे. अहितकर सवय पादांशाने, क्रमाने सोडावी, हा सूत्रस्थानातील (अ. ७) उपदेशही सर्वपरिचित आहे.

व्यवहारातील दक्षता

• प्रत्येक प्रौढ रुग्णास मद्य, तंबाखू व इतर मादक द्रव्यांविषयी विचारावे. स्वर चौकशीचा असावा, निर्भर्त्सनेचा नसावा.

• सकाळी कंप होणारा व त्यासाठी मद्य घेणारा रुग्ण एकाएकी घरी मद्य बंद करू पाहत असल्यास त्याला रोखावे. दोन-तीन दिवसांत आक्षेपक, भ्रम, प्रलाप उद्भवून प्राणावर बेतू शकते. क्रमाने सोडण्याचा प्रयोगही अशा रुग्णावर घरी करू नये. त्यास रुग्णालयात पाठवावे.

• आसव-अरिष्टांत संधानातून निर्माण झालेले मद्य असते. मद्य सोडलेल्या रुग्णासाठी क्वाथ, चूर्ण, वटी अशा कल्पना निवडाव्यात. तीच व्यक्ती वारंवार अरिष्टाच्या बाटल्या नेऊ लागल्यास औषधी विक्रेत्याने केवळ विक्री मोजू नये, चौकशी करावी.

• रुग्णाच्या नकळत अन्नातून द्यावयाचे ‘दारू सोडवणारे’ चूर्ण कोणीही देऊ वा विकू नये. घटक अज्ञात असतात, मद्याशी त्यांची प्रतिक्रिया भयंकर ठरू शकते आणि ज्याने निश्चय करावयाचा, त्यालाच त्यातून वगळले जाते.

विक्रेत्याच्या मंचकावर ग्राहकाची आणि वैद्याच्या आसनासमोर रुग्णाची खरी अवस्था प्रथम प्रकट होते. ती ओळखून तिची तीव्रता ठरवणे आणि आपली मर्यादा ओलांडली जाताच रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवणे, हेच आपले कर्तव्य होय.