उत्क्रांतीचे पुरावे : हाडे आणि गर्भ

माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर यांची कामे निराळी. परंतु हाडांची मांडणी एकच. दंडात एक हाड, पुढे दोन, मग मनगट व बोटे. इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी १८४३ साली अशा साम्याची व्याख्या केली. त्यांना त्यात एक मूळ आराखडा दिसला. डार्विनने १८५९ साली त्याच साम्याचा अर्थ 'समान पूर्वज' असा लावला.

येथे आक्षेप घेतला जातो, की एकाच निर्मात्याने एकच आराखडा वापरला नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. केवळ साम्याने तो सुटत नाही, म्हणून आपण गर्भाकडे वळू. काही देवमाशांना दात नसतात. ते झालरीसारख्या पट्ट्यांनी अन्न गाळून खातात. तरीही त्यांच्या गर्भात दातांचे अंकुर येतात आणि जन्मापूर्वी विरून जातात. दातांच्या एनॅमलची जनुकेही त्यांच्यात मोडक्या स्थितीत सापडली आहेत. जे वापरायचेच नाही ते आराखड्यात कशाला? दात असलेल्या पूर्वजांचा हा वारसा मानला, की उलगडा होतो.

गर्भाच्याच पुराव्यावर मोठा वादही झाला. जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेल यांनी १८६८ च्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी व कासव यांच्या गर्भांसाठी एकच ठसा तीनदा छापला. बाझेलचे रूटिमायर यांनी त्याच वर्षी हे उघड केले. १८७४ साली विल्हेल्म हिस यांनीही हेकेलच्या चित्रांवर टीका केली. पुढे १९९७ साली मायकेल रिचर्डसन व सहकाऱ्यांनी खऱ्या गर्भांची छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवले, की हेकेलने फरक पुसून साम्य वाढवले होते. तरीही ती चित्रे अनेक पाठ्यपुस्तकांत राहिली होती.

मग उत्क्रांती खोटी ठरली काय? नाही. चित्र खोटे ठरले. गर्भ खोटा ठरला नाही. मानवी गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास गळ्याशी कमानी दिसतात. माशात त्यांपासून कल्ले बनतात, आपल्यात जबड्याचे व कानातील लहान हाडांचे भाग. त्यांना 'माणसाचे कल्ले' म्हणणे मात्र चूक आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हेकेलची चूक दाखवणारे हे तिघेही शास्त्रज्ञच होते. आपल्या बाजूचा असला तरी खोटा पुरावा टाकून द्यावा आणि एक पुरावा पडला म्हणून बाकीचे न तपासता फेकू नयेत, हाच या वादाचा धडा आहे असे आम्हास वाटते.