लाजेपायी दुखणं वाढवू नकोस

अगं, महिनाभर शौचावाटे रक्त पडतंय आणि तू घरात कुणापाशी बोलली नाहीस? सासूबाईंचा संकोच समजू शकते. पण अधारताल भागातल्या भिंतीवर रंगवलेलं ‘बवासीर का शर्तिया इलाज’ वाचून तिथं जायचा विचार करतेस, तो आधी डोक्यातून काढ. तिथं काय टोचतील, काय लावतील, याचा भरवसा नाही.

पहिल्यांदा तपासून घे. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं आणि बहुधा दुखत नाही. शौचाला बसताना काचेनं चिरल्यासारखं दुखत असेल, तर ती बहुतेक फिशर, म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर. तिचे उपचार वेगळे. मेडिकल कॉलेजच्या सर्जरी ओपीडीत जा, लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं सांग. लहानशा नळीतून बघतात, दोन-चार मिनिटांचं काम.

मूळव्याधीचा कोंब आतच असेल, किंवा बाहेर येऊन आपणहून आत जात असेल, तर कापाकापीची गरज सहसा पडत नाही. कोंबाच्या मुळाशी रबराचं बारीक कडं बसवतात, त्याला बँडिंग म्हणतात. रक्तपुरवठा तुटून कोंब आठवड्याभरात गळून पडतो. तिथं दुखणं कळवणाऱ्या नसा नसतात, म्हणून भूल लागत नाही. एक-दोन दिवस जड वाटेल, कोंब गळताना थोडं रक्तही दिसेल. मात्र ताप आला, लघवी अडली किंवा दुखणं वाढत गेलं, तर लगेच दवाखाना गाठ. लहान कोंबांना इंजेक्शनही चालतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर ते आधीच सांग.

लेझर आणि स्टेपलरच्या ऑपरेशनला भूल लागते, खर्चही जास्त. कुणी थेट तेच सुचवलं, तर ‘बँडिंगनं का भागणार नाही?’ असं विचार. बोटानं आत ढकलावा लागणारा कोंब कधी बँडिंगनं बरा होतो, कधी नाही. कायम बाहेर राहिलेल्याला मात्र बहुतेकदा ऑपरेशनच लागतं.

आणि पोट साफ राहिलं नाही तर सगळं पुन्हा उद्भवतं. पोहे-जिलबीवर दिवस काढू नकोस. भाजी, फळं, इसबगोल, भरपूर पाणी घे. संडासात मोबाईल नेऊ नकोस, कुंथू नकोस.

वय पंचेचाळीसच्या पुढं असेल, वजन उतरत असेल, रक्त काळपट असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून गप्प बसायचं नाही. कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांना विचारायचंच. याच आठवड्यात जा.