उपवास, शुगरची गोळी आणि कळसूबाईची चढण

नवरात्रात कळसूबाईला जाण्यासारखं सुख आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दुसरं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊस ओसरलेला असतो, भातखाचरं पिवळी पडू लागलेली असतात आणि बारी गावाच्या वरचे उतार सोनकीच्या फुलांनी भरून गेलेले असतात. १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण अकोले-संगमनेरकडच्या माणसांना ते आधी देवीचं ठाणं, शिखर नंतर. घट बसले की माणसं अंधारातच चढायला लागतात. कुणी अनवाणी, कुणी नऊ दिवसांचा उपवास धरलेलं, कुणी नुसतं उठता-बसता. वर पोचल्यावर एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, दुसरीकडे अलंग-मदन-कुलंग. त्या वाऱ्यात टेकून बसलं की गुडघे दुखत होते हेही आठवत नाही.

हे सुख कुणी सोडावं असं मी म्हणणार नाही. पण घरात कुणाला शुगर असेल, तर पुढचं नीट वाचा.

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, साठी ओलांडलेले पण काटक. दिवसभर शेतात राबणारा माणूस, त्यामुळे चढाची भीती कुणालाच नव्हती. शुगरचं दुखणं जुनं. सकाळी नाश्त्याआधी एक ग्लिमेपिराइडची गोळी ठरलेली. त्या दिवशी पहिल्या माळेचा उपवास होता. गोळी नेमानं घेतली, वर बिनसाखरेचा कोरा चहा घेतला आणि पहाटे बारीहून चढायला लागले.

शिड्यांपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग दाजी एकाएकी चिडचिड करायला लागले. ‘तुम्ही व्हा पुढं, माझ्या मागं लागू नका,’ असं ताईवर खेकसले. एरवी हा माणूस बैलावरही आवाज चढवत नाही. गार वारा सुटला होता, आम्ही स्वेटर काढले नव्हते आणि त्यांचा सदरा मात्र घामानं पाठीला चिकटलेला. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांना उघडता येईना, बोटं नुसती त्यावरून घसरत होती. शेवटी खाली बसले, अंग थरथरायला लागलं, जीभ जड झाली. वाटेनं जाणाऱ्या एका आजींनी हात जोडले आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. ‘वारं आलं,’ मागून कुणीतरी म्हणालं.

त्या आजींना हसू नका. नवरात्रात, देवीच्या वाटेवर, थरथरणारा आणि असंबद्ध बोलणारा माणूस दिसला की आपल्याकडे मनात हेच येतं. अडचण अशी की शुगर खाली उतरल्याची लक्षणंही हुबेहूब हीच असतात: घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. कुणी म्हणतं पित्त झालं, कुणी म्हणतं दम लागला, कुणी हात जोडतं. या सगळ्यात वेळ जातो आणि माणूस बेशुद्धीकडे सरकतो.

भाच्यानं नैवेद्याचे राजूरचे पेढे पुढं केले. वाटेवर टपरी लावलेल्या मावशींनी ते बाजूला सारले आणि दुप्पट साखर घालून लिंबाचं सरबत दिलं. दाजींना तेवढ्यातही उपवास आठवला. त्यावर ताई म्हणाली, ‘तुमचा मोडला तर मी धरते तुमच्या वाटचा. प्या.’ पाव तासात बोलणं सरळ झालं. पुढं तिथंच बसून त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली.

मावशींचं बरोबर होतं. पेढ्यात गोड असलं तरी खव्याची चरबीही असते आणि त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. अशा वेळी आधी निव्वळ साखर, तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून द्यायची. १५ मिनिटं थांबायचं, उतार पडला नाही तर पुन्हा तेवढीच. ७०च्या खाली रीडिंग म्हणजे शुगर कमी. ५४च्या खाली गेली तर धोका मोठा. पण मशीन जवळ नसेल तर रीडिंगची वाट बघत बसू नका, साखर द्या. माणूस शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. त्याला कुशीवर निजवा आणि १०८ला फोन करा. गाडी फार तर बारीपर्यंत येते, डोंगरावर नाही. त्यामुळे खाली उचलून नेणारे हात आधी गोळा करायला लागा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांत ठाऊक नसते. एकत्रित गोळ्यांमध्ये कधी वोग्लिबोज असतं. ते साखरेचं पचन लांबवतं, त्यामुळे अशा रुग्णाला घरची साखर दिली तरी ती लवकर लागू पडत नाही; ग्लुकोजच द्यावं लागतं. गोळीच्या पाकिटावरची नावं एकदा चष्मा लावून वाचा आणि ग्लुकोजची पुडी खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांची शुगर सहसा अशी कोसळत नाही. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांनी मात्र जपायचं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी धडधड आणि थरथर झाकली जाते; मग घाम हीच काय ती खूण उरते.

सरबतानं बरं वाटलं म्हणून त्याच दमात शिखर गाठायचा हट्टही नको. गोळीचा अंमल दिवसभर राहतो, शुगर पुन्हा उतरू शकते. एवढ्या श्रमानंतर रात्री झोपेतही उतरते. दाजींना आम्ही तिथूनच खाली आणलं आणि रात्री ताईनं त्यांना उठवून दोनदा तपासलं. ते कुरकुरले, पण तपासू दिलं.

उपवासाचा प्रश्न नाजूक आहे, मला कल्पना आहे. देवीसाठी केलेल्या गोष्टीत डॉक्टरला विचारायचं कशाला, असं म्हणणारी माणसं आमच्याच घरात आहेत. मी एवढंच म्हणतो की उपवास, गोळी आणि चढण ही तिन्ही एकाच सकाळी नकोत. डोंगर चढायचा असेल तर त्या दिवशी खाऊन निघा आणि उपवास दुसऱ्या माळेला धरा. उपवासच धरायचा असेल तर दर्शन गावातल्या देवीचं घ्या. निरंकार उपवास तर शुगरच्या माणसानं धरूच नये. आणि साबुदाण्याच्या खिचडीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ती शुगर चढवते झपाट्यानं. उपवास म्हणून ती पथ्याची होत नाही.

गोळी आपल्या मनानं बंद करू नका, अर्धीही करू नका. पितृपंधरवडा सुरू झाला की आपल्या डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा: उपवासाच्या दिवशी गोळी किती, कधी? चढणीच्या दिवशी किती? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बरोबर चढणाऱ्याच्या खिशात द्या.