पॅकिंग काढण्याआधी

दोन-स्ट्रोक चेनसॉच्या इंजिनात सिलिंडर आणि हेड सहसा एकाच ओतीव तुकड्यात असतात, त्यामुळे हेड गॅस्केट हा प्रकारच नसतो. असते ते तळाचे गॅस्केट, म्हणजे कारागिरांच्या बोलीतले ‘पॅकिंग’. सिलिंडरचे बूड आणि क्रँककेस यांच्यामध्ये दाबून बसवलेला हा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा. त्याचे उघड काम गळती रोखणे. पण सिलिंडर किती उंचीवर बसणार, हेही तोच ठरवतो.

पिस्टन सर्वांत वर आल्यावर त्याचा माथा आणि हेड यांच्यात उरणाऱ्या फटीला ‘स्क्विश’ म्हणतात. पॅकिंग काढले की सिलिंडर तेवढा खाली येतो, फट कमी होते आणि दाब वाढतो. ४४ मिमी बोअर आणि ३२ मिमी स्ट्रोकचे इंजिन घेतले, तर अर्ध्या मिलिमीटरने ज्वलनकक्षातली जागा जेमतेम पाऊण घनसेंटिमीटर घटते. पण कक्षच मुळात सहा घनसेंटिमीटरचा असेल, तर ९ चे संपीडन गुणोत्तर १० च्या वर जाते. करवत लाकडात जोमाने उतरू लागते, मोह याचाच.

फट मोजायला सोल्डरची तार पुरते. प्लग काढून तार छिद्रातून थेट सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवावी आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन वरच्या टोकावरून पलीकडे न्यावा. चेपलेल्या टोकाची जाडी व्हर्नियरने मोजावी. तार पिस्टनपिनच्या रेषेत आणि दोन्ही बाजूंना घालावी, कारण इतर दिशांना पिस्टन पिनवर झुलतो आणि आकडा फसवा येतो. आलेल्या आकड्यातून पॅकिंगची जाडी वजा केली की उरणारी फट कळते. ती अर्ध्या मिलिमीटरहून कमी ठेवू नये. मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांवर कनेक्टिंग रॉड ताणला जातो, पिस्टन तापून फुगतो, वर काजळीचा थरही साचतो.

प्रस्तुत लेखकाने एका ५० सीसी करवतीचे पॅकिंग न मोजताच काढले होते. फट सुदैवाने पुरली, नडले ते दुसरेच. जुना पापुद्रा स्क्रूड्रायव्हरने खरवडला गेला, मॅग्नेशियमच्या क्रँककेसवर ओरखडे उठले आणि ते झाकायला खिडक्यांना लावतात ते साधे सिलिकॉन वापरले गेले. पेट्रोलपुढे ते टिकत नाही. पहिल्या दोन टाक्या करवत झकास चालली. मग थ्रॉटल सोडल्यावरही वेग खाली यायला वेळ लागू लागला. हे हवा गळण्याचे ठरलेले लक्षण. दोष मात्र कार्बोरेटरला दिला गेला आणि त्याचे स्क्रू फिरत राहिले. बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होते, आणि तेल पेट्रोलबरोबरच येत असल्याने वंगणही घटते. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओरबाडला जाऊन सीझ झाला.

म्हणून पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करावा, क्रँककेसच्या तोंडात फडका कोंबून ठेवावा आणि पेट्रोल सोसणारे सीलंट अगदी पातळ लावावे. बोल्ट तिरकस जोड्यांनी आवळावेत. नंतर एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडे रबराने बंद करून साधारण अर्धा बार दाब द्यावा व काटा पाहावा. उलट बाजूने निर्वातही करून पाहावा. काही ऑइल सील फक्त निर्वातातच गळतात. ही चाचणी टाळणे म्हणजे नव्या पिस्टनचे पैसे बाजूला काढून ठेवणे. ती झाली की कार्बोरेटर नव्याने लावावाच लागतो.

सिलिंडर खाली आल्याने पोर्टांच्या वेळाही सरकतात. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर उशिरा उघडतात, तर पिस्टनच्या खालच्या कडेने उघडणारा इनटेक लवकर. पिस्टन सर्वांत वर असताना त्याची खालची कड एक्झॉस्ट पोर्टच्या तळापलीकडे गेली, तर क्रँककेस थेट सायलेन्सरकडे उघडते आणि मिळालेली ताकद वाया जाते. सायलेन्सर उतरवून पोर्टातून डोकावले की हे डोळ्यांना दिसते. धूर कमी करण्यासाठी ट्रान्सफरमध्ये वेगळी हवा सोडणाऱ्या नव्या इंजिनांत वेळांचे गणित आणखी नाजूक असते. त्यांच्या वाटेला घरच्या कारागिराने जाऊ नये. आणि फट मुळातच ०.६ मिमी निघाली, तर जुन्याच्याच जाडीचे नवे पॅकिंग घालून सिलिंडर बंद करावा.