दुरुस्तीनंतर अडखळणारे नौकेचे इंजिन : दोषशोधनाचा एक पाठ

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. सातपाटीपासून मालवणपर्यंतच्या बंदरांत या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, जाळी विणली जातात आणि इंजिनांची दुरुस्ती उरकली जाते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास हंगाम सुरू होतो, तेव्हा मात्र एक विचित्र तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते : ‘काम करण्यापूर्वी इंजिन बरे चालत होते; मिस्त्रीने सर्व ठीकठाक केल्यावर ते धूर टाकू लागले, अडखळू लागले.’ ही तक्रार क्षुल्लक समजून चालणार नाही. किनाऱ्यापासून दूर, खवळलेल्या पाण्यात इंजिन बंद पडले तर नौकेवरील तांडेल व खलाशी यांच्या जिवावर बेतते. शिवाय हंगामाचे पहिले दिवस वाया जातात आणि अर्धवट जळणारे डिझेल धुरावाटे निघून जाते ते वेगळेच.

शेवटचा हात, पहिली नजर

अशा प्रसंगी पुष्कळदा घाईने नवा पंप किंवा नवे नोझल विकत आणले जाते. वास्तविक, दुरुस्तीपूर्वी इंजिन चांगले चालत असेल, तर ते एकाएकी झिजले असण्याचा संभव कमी असतो. दोष बहुधा दुरुस्तीत जे खोलले, बदलले अथवा हलविले त्यातच असतो. म्हणून प्रथम अशा भागांची यादी करावी आणि त्यातील सर्वांत सोप्या व बिनखर्चाच्या तपासणीपासून आरंभ करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि इंजिन चालवून परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्यास इंजिन सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही. बिघडले तर गुंता वाढतो.

हवा आणि पाणी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा दाबली गेल्याने तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि त्या तप्त हवेत नोझलमधून फवारलेले तेल आपोआप पेट घेते. हा फवारा अतिशय उच्च दाबाने व नेमक्या क्षणी व्हावा लागतो. तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला, तर पंपाचा दाब तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो आणि नोझल नीट उघडत नाही. यालाच आपल्याकडे ‘इंजिनाने हवा घेतली’ असे म्हणतात. फिल्टर बदलताना जुने रबरी कडे तसेच राहणे, तांब्याचा वॉशर पुन्हा वापरणे किंवा नळीचा जोड सैल राहणे ही त्याची नित्याची कारणे होत. टाकी व फीड पंप यांमधील जोड सैल असल्यास बाहेर तेल गळताना दिसेलच असे नाही. तेथे इंजिन चालू असताना हवा आत ओढली जाते. उपाय म्हणजे टाकीकडून क्रमाने फीड पंप, फिल्टर व मुख्य पंप येथील स्क्रू सैल करून, बुडबुडे संपून अखंड तेल येईपर्यंत हातपंप चालविणे व मग स्क्रू घट्ट करणे.

पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवेतील पाणी जमते. फिल्टरच्या तळाचे थोडे तेल पारदर्शक बाटलीत घेऊन स्थिर ठेवल्यास पाणी तळाशी वेगळे दिसते. इंजिन काही वेळ ठीक चालून मग दम तोडत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच सुधारत असेल, तर टाकीची हवेची नळी तुंबली आहे असे समजावे. इंजिनात हवा जाण्याच्या तोंडाशी दुरुस्तीच्या वेळी कोंबलेली चिंधी तशीच राहिली नाही ना, हेही पाहावे.

धुराची भाषा

काळा धूर म्हणजे हवा कमी, तेल जास्त किंवा इंजिनावर भार अधिक. पांढरा धूर म्हणजे न जळलेले तेल किंवा सिलिंडरात शिरलेले पाणी. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. थंड इंजिन सुरू होताना क्षणभर पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही तो राहिला तर मात्र शोध घ्यावा.

पंप काढून पुन्हा बसविला असेल, तर त्यावरील खुणा जुळल्या आहेत का ते पाहावे. फवारा वेळेपूर्वी झाल्यास इंजिन कर्कश ठोके देते. उशिरा झाल्यास शक्ती घटते, धूर वाढतो व इंजिन तापते. टॅपेटमधील अंतर मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी असते. ते प्रमाणाहून कमी ठेवल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही व सिलिंडरातील दाब निसटतो. हे अंतर इंजिन थंड असताना मोजावयाचे की गरम, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते पाहिल्याशिवाय मोजमाप करू नये. नोझल बदलताना जुना वॉशर खोबणीत चिकटून राहिला व त्यावर नवा बसला, तर नोझल उंच बसते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. चार सिलिंडरांच्या इंजिनांत ज्वलनाचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो. नव्या नळ्या बसविल्या असल्यास त्या योग्य सिलिंडराला जोडल्या आहेत याची खात्री करावी.

कोणता सिलिंडर काम करीत नाही हे ओळखण्यासाठी जाणकार मिस्त्री इंजिन मंद गतीने चालवून एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करतात. गती घटली तर तो सिलिंडर काम करीत आहे. फरक पडला नाही तर दोष तेथेच आहे. मात्र उच्च दाबाचे तेल कातडी भेदून शरीरात शिरते. अशी जखम दिसावयास लहान असली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते. म्हणून गळती कधीही हाताने चाचपू नये आणि कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांवर हा प्रयोग कदापि करू नये.

दोष इंजिनात की इंजिनाबाहेर?

गिअर न्यूट्रलमध्ये असताना इंजिन स्वच्छ चालते, परंतु नौका चालू होताच काळा धूर सोडते, असे असेल तर इंजिनाबाहेरही पाहावे. वाकलेले पंख्याचे पाते, पंख्यात अडकलेले जाळे, तळाला चिकटलेले कवचधारी जीव, रेषेत नसलेला शाफ्ट किंवा अति आवळलेले ग्लँड यांपैकी काहीही कारण असू शकते. नौका चालू असताना जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून पाण्याचे थोडे थेंब पडलेच पाहिजेत. पूर्ण कोरडे ग्लँड शाफ्टला जखडून ठेवते व तापते.

गावाने काय करावे?

मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांत तरुण मच्छीमारांना सागरी डिझेल इंजिनाच्या देखभालीचे शिक्षण मिळते. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी व मच्छीमार सहकारी संस्थांनी आपल्या गावातील तरुणांना त्यासाठी पाठवावे. प्रत्येक नौकेवर एक नोंदवही असावी. कोणत्या दिवशी काय खोलले, कोणता भाग बदलला, टॅपेटचे अंतर किती ठेवले, हे तीत लिहावे. मिस्त्री बदलला तरी वही बदलत नाही आणि दोष शोधताना पहिली यादी तीच पुरविते. दुरुस्तीनंतर किनाऱ्याजवळ भारासह दोन-तीन तास चाचणी घेतल्याशिवाय नौका खोल समुद्रात नेऊ नये, असा दंडक संस्थेने घालून द्यावा.

शाळांतील विज्ञान-शिक्षकांनाही हा विषय उपयोगी पडेल. निरीक्षण, अनुमान आणि एका वेळी एकाच गोष्टीचा पडताळा ही शास्त्रीय रीत कोळीवाड्यातील मुलांना पुस्तकापेक्षा घरच्या इंजिनावरून लवकर उमजेल. त्यांच्यापैकी काहीजण उद्या त्याच नौकांवर तांडेल होणार आहेत.