ड्रायर घेऊ नकोस

नागपूर, 14 जून

चि. सई,


ड्रायरवाली मशीन घेऊ का, असं तू विचारलंस. माझं मत विचारशील तर घेऊ नकोस. मुंबईची गोष्ट वेगळी, तिथे हवा ओलसर आणि बाल्कनी वीतभर. तुमच्या बेसाच्या स्कीमला अख्खी गच्ची आहे, आणि गाव आपलं असं की 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता. इथे कपडे वाळवायला एका खेपेला दोन-तीन युनिट जाळायची?

आधी आहे तीच मशीन नीट चालव. ताई सांगत होती, तू सगळंच धुणं 60 अंशांवर लावून राहिली. धुण्यातली बहुतेक वीज ड्रम फिरवण्यात जात नाही, पाणी तापवण्यात जाते. पंधरा लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतं, 30 वर न्यायला 0.1 सुद्धा नाही. उन्हाळ्यात तर टाकीतूनच चटका बसेल असं पाणी येतं. रोजचे कपडे 30 वर छान निघतात. थंडीत पावडर विरघळत नसेल तर मगभर कोमट पाण्यात आधी कालवून घे.

इको प्रोग्रॅम तीन तास चालतो म्हणून तू तो टाळतेस ना? तो कमी तापमानावर कपडे जास्त वेळ भिजवून मळ काढतो, म्हणून तासाभराच्या गरम धुण्यापेक्षा कमी वीज खातो. 60 अंश आजारी माणसाच्या चादरींना आणि तेलकट फडक्यांना राहू दे. रक्ताचा किंवा दुधाचा डाग मात्र आधी गार पाण्यातच धू, गरम पाण्यात तो पक्का बसतो.

राहिला पावसाळा. स्पिन 1200 वर ठेव, पाणी तिथेच निघून जातं. मग खोलीत दोरी बांध, खिडकी किलकिली ठेव आणि कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा लाव. साधा छताचा पंखा रात्रभर चालला तरी अर्ध्या-पाऊण युनिटात भागतं. सप्टेंबरपर्यंत जीन्स जरा कमी धुतल्या तर कुणाचं काही बिघडत नाही.

महावितरणचा दर 100 युनिटांनंतर चढतो, 300 नंतर आणखी. ड्रायरची युनिटं नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन पडतील. पण माझा आग्रह निव्वळ पैशांसाठी नाही. कोराडीच्या देवीला जाताना वीज केंद्राच्या त्या चिमण्या तुला दिसतातच. तिथे 660 मेगावॅटचे तीन संच, जवळच खापरखेडा. एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. वीज राज्यभर जाते, राख मात्र त्याच गावांच्या वाट्याला येते. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगून पटवावं लागतं, तुला नको.

इस्त्री रोज एकेका शर्टासाठी तापवू नकोस, आठवड्याचे कपडे एकदाच काढ. टॉवेल आणि चादरींना इस्त्री करणं हा शुद्ध वेडेपणा आहे. रंगीत कपडे उलटे करून वाळत घाल, नाहीतर आपलं ऊन महिन्याभरात त्यांचा पार रंग उडवतं.

तुमच्याकडे बोअरचं पाणी, म्हणजे हीटरवर क्षारांचा थर बसणारच. दोन-तीन महिन्यांनी निंबूसत्व टाकून मशीन एकदा रिकामी चालव. ते किराणा दुकानात मिळतं, मशीनवाल्याकडची महागडी पुडी घ्यायची गरज नाही.

तुझा,
मामा