साथ चालू असली तरी रक्तदाब मोजायचाच

तापाची साथ आली की दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढतात, हे सगळ्यांना दिसतं. त्याच दिवसांत बीपी-शुगरचे नेहमीचे रुग्ण यायचे थांबतात, ते मात्र पटकन लक्षात येत नाही. एक डॉक्टर म्हणून मला या न येणाऱ्यांची काळजी जास्त वाटते.

9 मार्च 2020 रोजी राज्यातले पहिले कोरोनाबाधित पुण्यात सापडले. जूनमध्ये विप्रोने हिंजवडीतल्या आपल्या आवारात 450 खाटांचं कोविड रुग्णालय उभारून राज्य सरकारच्या हाती दिलं. ते गरजेचंच होतं. पण त्या धामधुमीत बाकीचे आजार शोधणं मागे पडलं. देशात 2019 मध्ये क्षयरोगाचे सुमारे 24 लाख रुग्ण नोंदले गेले होते, 2020 मध्ये जेमतेम 18 लाख. क्षय कमी झाला नव्हता, तपासणी कमी झाली होती. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी देशातल्या 41 कर्करोग केंद्रांची आकडेवारी गोळा केली, तेव्हा मार्च ते मे 2020 या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षापेक्षा 54 टक्क्यांनी घटलेली दिसली. ही माणसं पुढे आलीच असतील, पण आजार वाढल्यावर.

त्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार गेले, ताप आणि ऑक्सिजन मोजला, घरात कुणाला मधुमेह, हृदयविकार, किडनीचा त्रास आहे का ते विचारलं. हे मोठं काम होतं आणि भर साथीत जोखीम पत्करून केलेलं होतं. पण विचारून कळतो तो माहीत असलेला आजार. ज्याने शुगर कधी तपासलीच नाही, तो मनापासून 'नाही' म्हणतो. 2021 मध्ये काळ्या बुरशीने गाठलेल्यांत बहुतेकांना मधुमेह होता, आणि काहींना तो असल्याचं तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

हिंजवडीत हे 'नाही' दोन प्रकारे ऐकू येतं. आयटी पार्कातल्या पस्तिशीच्या मंडळींकडे कंपनीच्या वार्षिक तपासणीचा भलामोठा रिपोर्ट असतो, पण तो ईमेलमध्ये न उघडता पडलेला. त्याच इमारतींतले सुरक्षारक्षक, सफाई कामगार, कॅबचालक आणि माण-मारुंजीकडच्या बांधकामांवरचे मजूर यांच्यापैकी अनेकांच्या दंडाला बीपीचा पट्टा कधी लागलेलाच नसतो. एक दिवस खाडा झाला की मजुरी बुडते, म्हणून साथ नसतानाही ते येत नाहीत.

दोघांनाही माझं सांगणं एकच. सत्तर-ऐंशी चाचण्यांचं पॅकेज नको. तिशी ओलांडली असेल तर रक्तदाब, रक्तातली साखर आणि तोंडाची तपासणी करा. बायकांनी स्तन आणि गर्भाशयमुखाचीही करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात हे मोफत होतं, आशाताईंना विचारा. तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असेल तर तोंडाची तपासणी अजिबात टाळू नका. उपाशीपोटी साखर 100 ते 125 आली तर आताच जेवण-व्यायामाकडे बघा. 126 किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून खात्री करा आणि डॉक्टरांना भेटा.

साथ ऐन भरात असताना काय थांबू शकतं? काहीही त्रास नसलेल्या माणसाची नेहमीची तपासणी काही आठवडे पुढे गेली तर चालतं, फक्त नवी तारीख तेव्हाच ठरवून टाका. त्रास होत असेल तर मात्र थांबू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, तोंडात न भरणारी जखम, स्तनात गाठ, पाळी बंद झाल्यानंतरचा रक्तस्राव, छातीत दुखणं: यांपैकी काहीही असेल तर लगेच या. गरोदरपणातल्या तपासण्या आणि बाळाच्या लसी यांनाही सुट्टी नाही. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याचा डोस हुकला असेल तर तो जमेल तितक्या लवकर घ्या. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. 2022 मध्ये मुंबईत गोवराने मुलं दगावली, त्यांत लस न मिळालेली मुलं बरीच होती.

चालू गोळ्या मनाने बंद करू नका. 2020 मध्ये टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांनी कोरोना बळावतो, अशी भीती पसरली होती. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी तेव्हाच सांगितलं, गोळ्या चालू ठेवा. साथीच्या दिवसांत महिना-दोन महिन्यांच्या गोळ्या घरात असू द्या.

घरी बीपी मोजायचं तर दंडाला पट्टा लावायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात छातीच्या उंचीवर टेकवा, बोलू नका, एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. घरी काही दिवस सातत्याने 135/85 किंवा जास्त येत असेल, तर आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. साथीत दवाखान्यात येण्याआधी फोन करा. तापाच्या रुग्णांची वेळ वेगळी असेल तर ती टाळता येते, आणि नुसते आकडे दाखवायचे असतील तर पुष्कळदा फोनवरही भागतं. येताना मास्क लावा आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत आणा.